बैठकीतला टीव्ही: दुरुस्त करावा, बदलावा की काढून टाकावा?

चाटीगल्ली

आमच्या सोलापूरच्या घरी बैठकीच्या खोलीत, लाकडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात, १९९८ साली घेतलेला २१ इंची रंगीत टीव्ही आहे. दिवाळीपासून चालू केल्यावर चित्र उमटायला चार-पाच मिनिटे लागत होती आणि सगळ्यांचे चेहरे तांबूस दिसत होते. गेल्या आठवड्यात आवाज आला, पण पडदा काळाच राहिला.

आता घरात तीन मते आहेत. धाकट्या भावाला मोठा स्मार्ट टीव्ही घेऊन आपल्या खोलीत लावायचा आहे. मुलांच्या हाती फोन आहेत, त्यामुळे टीव्हीची गरजच काय, असे ती विचारतात. आईचे वय ७८ असून तिचे म्हणणे एवढेच आहे की, "मला संध्याकाळच्या बातम्या लागल्या म्हणजे झालं." खरे सांगायचे तर गेली दोन-तीन वर्षे त्या टीव्हीपुढे एकटी आईच बसत होती.

हा संच दुरुस्त करावा का, नवा घेतल्यास तो बैठकीत लावावा की खोलीत, हे मला विचारायचे आहे. माझे स्वतःचे मत असे की, चित्र घरात ज्या वाटेने येते, मग ती अँटेना असो, केबल असो की इंटरनेट, ती वाट बदलली की माणसांची बसण्याची रीत बदलते, आणि हे आपण नीट ध्यानात घेतलेले नाही. जाणकारांनी तांत्रिक बाजू समजावून सांगावी आणि इतरांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

जुना_कारागीर

नव्या पेठेजवळ मी तीस वर्षे टीव्ही दुरुस्त केले, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. तुम्ही सांगितलेली लक्षणे थकलेल्या पिक्चर ट्यूबची आहेत. रंगीत ट्यूबच्या मानेत तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांसाठी तीन इलेक्ट्रॉन गन असतात. आतला बारीक तापक कॅथोडला तापवतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पडद्याच्या आतल्या बाजूला लावलेल्या फॉस्फरच्या ठिपक्यांवर आदळून उजेड होतो. वर्षानुवर्षांच्या वापराने कॅथोडची इलेक्ट्रॉन सोडण्याची ताकद कमी होते. हिरवी आणि निळी गन आधी थकली, तर उरतो तो तांबूस चेहरा. चित्र उमटायला वेळ लागणे हेही त्याचेच लक्षण आहे.

आवाज येऊन पडदा काळा राहतो तेव्हा आम्ही पहिल्यांदा खोलीतला दिवा घालवून ट्यूबच्या मानेत तांबूस ठिणगीसारखा उजेड दिसतो का, ते पाहत असू. उजेड दिसला तर तापक शाबूत आहे आणि दोष दुसरीकडे आहे, असे समजून काम सुरू करायचे. मात्र हे घरी करू नका. रंगीत ट्यूबला २५,००० व्होल्टच्या आसपास दाब लागतो, आणि संच बंद करून तास झाला तरी ट्यूब तो भार धरून ठेवू शकते. मी लांब पेचकसाला तार बांधून तिचे दुसरे टोक ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपावरच्या अर्थिंगला जोडत असे आणि पेचकसाचे टोक रबरी टोपीखाली हळूच सरकवत असे. चट् असा आवाज आला की मगच हात आत घालायचा. ही शिस्त मी एकदाच मोडली आणि बाकावरून मागे फेकला गेलो.

ट्यूबच गेली असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वक्ररेषा

जुना_कारागीर यांच्या उत्तरात थोडी भर घालतो. मी प्रक्षेपणाच्या क्षेत्रातून निवृत्त झालो आहे.

आपल्याकडची जुनी पद्धत पाल म्हणून ओळखली जाते. तिच्यात एका चित्राच्या ६२५ ओळी असतात आणि सेकंदाला २५ चित्रे दाखवली जातात. पण २५ चित्रे एकामागून एक दाखवली तर पडदा लुकलुकतो, म्हणून आधी विषम ओळी आणि मग सम ओळी, अशी प्रत्येक चित्राची दोन अर्धी केली. त्यामुळे सेकंदाला ५० अर्धचित्रे झाली आणि आपल्या विजेची वारंवारताही ५० हर्ट्झ असल्याने हे गणित जुळले. ६२५ ला २५ ने गुणले तर सेकंदाला १५,६२५ ओळी होतात. टीव्ही चालू असला की लहान मुलांना जो बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू येई आणि आजोबांना येत नसे, तो याच वारंवारतेचा होता.

रंगीत प्रक्षेपण आले तेव्हा जुने कृष्णधवल संच निकामी का झाले नाहीत, हा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारत. त्याचे उत्तर असे की, उजेडाची माहिती पूर्वीसारखीच ठेवून रंगाची माहिती तिच्यात वेगळी गुंफली होती. कृष्णधवल संच उजेड तेवढा उचलत असे आणि रंग सोडून देत असे. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा ज्या घरात पुढची दहा वर्षे रंगीत संच येणार नव्हता, त्या घरालाही तेच कार्यक्रम दिसत राहिले. तंत्र आखताना गरीब घराचा असा विचार झाला होता, याचे मला आजही अप्रूप वाटते.

अक्कलकोटरोड

यंत्रमागाच्या कारखान्यात स्टार्टर ओढला की आमच्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रेघा उठत, आवाज मात्र स्वच्छ असे. त्याचे कारण काय असावे?

वक्ररेषा

@अक्कलकोटरोड, चित्र एएम पद्धतीने येत असे, म्हणजे लहरीची उंची कमी-जास्त करून. ठिणगीचा गोंगाटही लहरीच्या उंचीतच मिसळतो, म्हणून तो चित्रात उमटे. आवाज एफएम पद्धतीने येत असे, म्हणजे लहरीची वारंवारता कमी-जास्त करून, आणि तिथे उंचीतला फरक संच छाटून टाकतो.

भीमाकाठ

माझे मूळ गाव भीमेच्या पलीकडे, विजापूर जिल्ह्यात आहे. शिक्षणापासून नोकरीपर्यंत सारे आयुष्य सोलापुरात गेले. पण मी पहिला टीव्ही शहरात पाहिला नाही, तो आमच्या खेड्यात पाहिला, आणि तोही थेट उपग्रहावरून.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष साइट नावाचा प्रयोग देशात चालला. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह आपल्याला वर्षभरासाठी वापरायला मिळाला होता, आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत संच बसवले होते. कर्नाटकातल्या खेड्यांत विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर जिल्ह्यांतली गावे होती. शाळेच्या छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फूट रुंदीची छत्री होती. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन अशा विषयांवर कन्नडमध्ये कार्यक्रम लागत. सारे गाव शाळेच्या पटांगणात चवाळी अंथरून बसे. वर्ष संपले, उपग्रह आमच्या आकाशातून सरकवला गेला आणि पडदा रिकामा झाला. पुढे १९७७ मध्ये गुलबर्ग्याला जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र आले.

सोलापूर शहराच्या आधी आमच्या खेड्यात टीव्ही पोहोचला, ही गोष्ट माझ्या सोलापूरच्या वर्गमित्रांना कधी खरी वाटली नाही.

विजापूरवेस

@भीमाकाठ, त्याच गुलबर्ग्याच्या दिशेला माझ्या काकांनी चाळीस फुटी लोखंडी खांबावर अँटेना चढवली होती. दहापैकी आठ दिवस पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या दिसत. काका खांब फिरवत, मी खिडकीत उभा राहत असे आणि काकू टीव्हीसमोर बसत. "आलं का?" "नाही!" "आता?" "आलं आलं, गेलं!" हा संवाद आमच्या बोळात सगळ्यांना पाठ होता.

वक्ररेषा

इतक्या लांबचे चित्र एरवी दिसायलाच नको. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा गोलावा आड येतो. मनोरा १०० मीटरचा आणि घरची अँटेना १० मीटरवर असेल, तर ५०-५५ किलोमीटरपर्यंत खात्रीने चित्र मिळते. गुलबर्गा आपल्यापासून त्याच्या दुप्पट लांब आहे. उन्हाळ्यात हवेचे गार आणि उष्ण थर विशिष्ट रीतीने बसले की लहर त्यांत अडकून दूर जाते. तुमच्या काकांना मिळालेले दोन दिवस त्यातले असावेत.

साखरपेठ

चाटीगल्ली यांनी बसण्याच्या रीतीबद्दल लिहिले आहे, त्यावर मला मनापासून लिहावेसे वाटते.

माझी आई विड्या वळत असे. आमच्या मातृभाषेत म्हणजे तेलुगूत घरचे सगळे बोलणे चाले, मी मराठी शाळेत जात असे आणि टीव्हीवर हिंदी लागत असे. घरी टीव्ही नव्हता. बोळातल्या एका घरी होता. १९८७ पासून रविवारी सकाळी रामायण लागू लागले तेव्हा आई सूप, पाने आणि तंबाखू घेऊनच तिथे जात असे, कारण हजार विड्यांचा हिशेब रविवारीही सुटत नसे. तिथे आठ-दहा बायका भिंतीला टेकून ओळीने बसत. तिच्या मांडीवर सूप असे, उजव्या हाताशी कात्री असे, आणि नजर पडद्यावर असे. पान कापताना ती क्षणभर खाली पाही, पण तंबाखू भरणे, वळणे आणि टोक दुमडणे हे सारे बोटे आपोआप करीत. एखादा करुण प्रसंग आला की सगळ्यांचे हात एकदम थांबत आणि जाहिरात लागली की पुन्हा सुपांची खसखस सुरू होई.

त्या बायकांपैकी निम्म्या जणींना हिंदी कळत नव्हते. ज्यांना कळत होते त्या तेलुगूत आणि कन्नडमध्ये सांगत. म्हणजे ती मालिका त्या खोलीत तीन भाषांत एकाच वेळी चाले.

सोनकी

साखरपेठताई, आपले लिखाण वाचून डोळे भरून आले. तरीही मला थोडे वेगळे म्हणायचे आहे.

एकत्र पाहण्याच्या आठवणी काढताना आपण एक गोष्ट विसरतो. काय पाहायचे, ते कोण ठरवत असे? आमच्या घरी बाबा ठरवत. बातम्या, मग सामना, मग पुन्हा बातम्या. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून जेवढे दिसेल तेवढे पाहत असे. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्या मुलांना काही घरांत खुर्चीवर बसू देत नसत, आणि काही ठिकाणी चार आणे घेऊन आत सोडत. मी स्वतः खिडकीच्या गजांना धरून बाहेरून पाहिले आहे. आज माझी आई तिच्या फोनवर तिला हवे ते कीर्तन हवे तेव्हा ऐकते. फोनने घर तोडले असे म्हणणाऱ्यांनी, पूर्वीच्या त्या जोडलेल्या घरात कोणाला बसायला जागा होती आणि कोणाला नव्हती, हेही सांगावे.

चाटीगल्ली

सोनकी, आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आमच्याकडेही आई उंबऱ्यातच असे. आज ती टीव्हीपुढे एकटी बसते, त्याचे एक कारण हेही असू शकते की, तिला हवे ते लावता यावे एवढी मोकळीक तिला अखेर आत्ताच मिळाली आहे. मी या बाजूने विचार केला नव्हता.

कन्नाचौक

१९९३ ते २०१४ मी पूर्व भागात केबल चालवली, म्हणून मधल्या काळाविषयी लिहितो. त्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

गच्चीवर १२ फुटी छत्र्या, खाली एका खोलीत रिसिव्हर आणि मॉड्युलेटरचे कपाट, तिथून खांबाखांबावरून गेलेली केबल, आणि सिग्नल कमी होत जातो म्हणून ठरावीक अंतरावर अँप्लिफायर, एवढा आमचा संसार होता. पावसाळ्यात जोडात पाणी शिरले की सबंध बोळाचे चित्र जाई आणि रात्री अकरा वाजता शिडी घेऊन निघावे लागे.

सोलापुरात केबल चालवणे हे पुण्यात चालवण्यासारखे नव्हते. इथे एका खांबावरून मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि हिंदी घरे निघतात. १९९५ मध्ये ईटीव्हीची तेलुगू वाहिनी सुरू झाली तेव्हा मी ती जोडली. त्या संध्याकाळी पद्मशाली समाजातल्या एका आजीबाई माझ्या खोलीवर आल्या आणि पडद्यावरची माणसे आपल्या बोलीत बोलतात, हे खरे का, असे विचारून गेल्या. चार पिढ्यांपूर्वी मागासोबत इकडे आलेल्या माणसांना आपल्या भाषेतली बातमी पहिल्यांदा घरात ऐकू आली. मराठी वाहिन्या तर त्यानंतर, १९९९ पासून वाढल्या. म्हणून टीव्हीने सगळ्यांना एकाच साच्यात घातले, असे कोणी म्हटले की मला पटत नाही. दूरदर्शनच्या एकाच वाहिनीने आमच्या भागाला हिंदी शिकवले असेल, पण केबलने प्रत्येकाला त्याची भाषा परत दिली.

पुढे डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ ची मुदत घालून ज्या ३८ शहरांत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, त्यांत सोलापूरही होते. त्याआधी एका जोडणीवर घरातले दोन संच चालत, आता प्रत्येक संचाला वेगळा बॉक्स लागू लागला. २०१९ मध्ये वाहिन्या निवडून पैसे भरण्याची पद्धत आली, तेव्हा तीन भाषांच्या घराचे बिल एका भाषेच्या घराहून जास्त येऊ लागले. नियम सगळ्या देशासाठी सारखाच होता, पण आमच्या भागाला तो जड गेला.

विजापूरवेस

कन्नाचौक यांचे म्हणणे खरे आहे. माझ्या सासूबाईंनी त्या वर्षी कन्नड वाहिन्यांचे पॅकेज सोडले आणि विजापूरला बहिणीकडे जाणे वाढवले.

नवखा_९९

मुंग्यांची गंमत मी ऐकूनच आहे. आमच्या टीव्हीवर चित्र एकतर लख्ख असते, नाहीतर चौकडे होऊन थिजते. असे का होते?

वक्ररेषा

फार चांगला प्रश्न विचारलात. जुन्या पद्धतीत सिग्नल जसजसा क्षीण होई तसतसे चित्र मळत जाई, पण माणसाचा डोळा मुंग्यांतूनही चेहरा शोधून काढी. डिजिटल पद्धतीत चित्राचे आकडे होतात. ते सगळेच्या सगळे पाठवणे परवडत नाही, म्हणून अधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवतात आणि मधल्या काळात, आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले, एवढेच पाठवतात. सोबत चुका दुरुस्त करण्यासाठी जादा आकडे असतात. चुका मर्यादेत असतील तोवर चित्र निर्दोष दिसते. मर्यादा ओलांडली की दुरुस्ती एकदम कोसळते, आणि पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत चौकडे पडतात.

याच अनुषंगाने चाटीगल्ली यांच्या मूळ मुद्द्यावर लिहितो. मनोऱ्यावरून किंवा उपग्रहावरून प्रक्षेपण करताना दहा माणसांनी पाहिले काय आणि दहा लाखांनी पाहिले काय, वीज तेवढीच लागते. इंटरनेटवरून बहुतेक वेळा प्रत्येक पाहणाऱ्याला स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. जिथे प्रत्येकाला वेगळेच द्यायचे आहे, तिथे प्रत्येकाला वेगळ्या आवडीचे द्यावे, हे ओघाने आले. आणि तो प्रवाह तुकडे साठवत साठवत येतो, म्हणून उशिराने पोहोचतो. क्रिकेटच्या सामन्यात शेजारी आधी ओरडतो आणि आपल्या फोनवर गोलंदाज अजून धावतच असतो, ते यामुळे.

सोनकी

हा अनुभव आमच्या इमारतीत प्रत्येक सामन्याला येतो. शेवटी आम्ही सगळे ज्यांच्याकडे केबल आहे त्या तळमजल्यावरच्या काकांकडे जाऊन बसलो. माझी आईसुद्धा आली, आणि या वेळी खुर्चीवर बसली.

पाटी_पुस्तक

मी अक्कलकोट तालुक्यात शिक्षिका आहे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आम्हाला फोनवरून शिकवण्यास सांगितले गेले. माझ्या वर्गात २६ मुले होती आणि त्यांच्यापैकी ९ घरांत इंटरनेट चालणारा फोन होता. तोही वडिलांबरोबर शेतावर जाई. त्याच वर्षी सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही पाठांची मालिका सुरू झाली. ज्या घरात टीव्ही होता तिथे मी चार-चार मुलांना लांब लांब बसवण्याची विनंती केली, आणि पाठ संपला की वहीतले प्रश्न मी दारात उभी राहून घेत असे. मध्येच वीज जाई, आणि पाठ हुकला की तो तेव्हा पुन्हा लावता येत नसे, ही मोठी उणीव होती. पण एका संचापुढे चार मुले बसू शकली, हे फोनवर जमले नसते. भीमाकाठ यांच्या शाळेच्या छपरावरच्या छत्रीविषयी वाचताना मला हेच आठवत होते.

चाटीगल्ली

सर्वांचे मनापासून आभार. जुना_कारागीर यांच्या ओळखीच्या एका कारागिराने येऊन पाहिले. ट्यूबच गेली आहे. भावाशी बोलून असे ठरले की, साधा ३२ इंची एलईडी संच घ्यायचा आणि तो बैठकीतच लावायचा. कार्यक्रमांसाठी डीडी फ्री डिश बसवायची, म्हणजे महिन्याचे पैसे नाहीत आणि सह्याद्री वाहिनीही मिळते. भावाला इंटरनेटवरचे पाहायचे असेल तेव्हा तो त्याच संचाला जोडेल. आईचे वेळापत्रक मात्र आधी, हे कपाटावर कागद लावून लिहून ठेवले आहे.

दोन शंका आहेत. जुन्या संचाचे काय करावे? आणि आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तर छत्री कुठे बसवावी?

जुना_कारागीर

ट्यूबच्या काचेत शिसे असते, त्यामुळे ती फोडू नका आणि भंगारवाल्याला फोडूही देऊ नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या. नव्या संचाला सोबतच स्टॅबिलायझर घ्या. एलईडीत बहुधा पॅनेलच्या आधी मागच्या दिव्यांची पट्टी जाते. आवाज येऊन पडदा काळा दिसला तर बॅटरीचा उजेड तिरपा पाडून पाहा, अंधुक चित्र दिसले तर पट्टी बदलून काम भागते.

वक्ररेषा

फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सोलापुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर येतो. टाकी छत्रीच्या आग्नेयेला असेल, तर छत्रीच्या पातळीपासून टाकी जितकी उंच आहे तिच्या निम्म्याहून थोडे अधिक अंतर मध्ये सोडा. त्यानंतर ती आड येणार नाही.

चाटीगल्ली

टाकी बरोबर आग्नेय कोपऱ्यातच आहे, पण अलीकडे आठ फूट मोकळी जागा आहे आणि टाकी पाच फूट उंच आहे, म्हणजे जमेल. रविवारी भाऊ गच्चीवर चढेल आणि मी जिन्यात उभा राहीन. पडद्यावरची सिग्नलची पट्टी वाचायला आईला बसवणार आहोत. "आलं का?" असे वरून विचारले की उत्तर तिनेच द्यायचे, असे तिने आत्ताच बजावले आहे.